ड्राइव्ह बदलल्यावर आयट्यून्समधल्या सगळ्या गाण्यांसमोर उद्गारचिन्ह येतंय, प्लेलिस्ट आणि रेटिंग कसं वाचवायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. विंडोज लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर ‘म्युझिक’ नावाचा फोल्डर, त्यात १२ वर्षांत जमवलेली साधारण १८ हजार गाणी, सगळी आयट्यून्समध्ये लावलेली. डी भरत आला म्हणून एक्स्टर्नल ड्राइव्ह घेतलात, फोल्डर कट-पेस्ट केलात, जाता जाता त्याचं नाव बदलून ‘गाणी’ केलंत. आता कुठलंही गाणं लावलं की समोर उद्गारचिन्ह येतं आणि मूळ फाइल सापडत नाही असा मेसेज. कोणीतरी सांगितलं की सगळं सिलेक्ट करून डिलीट मार आणि नवा फोल्डर परत अ‍ॅड कर. तुम्ही डिलीट केलं नाहीत हे फार बरं केलंत, पण एक सबफोल्डर अ‍ॅड करून बघितलात आणि आता त्यातली गाणी दोन-दोनदा दिसतायत. जीव अडकलाय तो रेटिंग, प्लेलिस्ट आणि प्ले काउंटमध्ये, ते गेलं का असं विचारताय.

नाही गेलं, अजून सगळं जागेवर आहे. पण ते जाऊ शकतं, आणि जातं ते बहुतेक वेळा पुढच्या अर्ध्या तासात घाईघाईने केलेल्या दुरुस्तीत जातं, म्हणून पहिलं काम म्हणजे आयट्यून्स बंद करा. मग सी ड्राइव्हवर तुमच्या युजर फोल्डरमध्ये म्युझिक, त्यात ‘आयट्यून्स’ नावाचा फोल्डर आहे, तो अख्खा कॉपी करून दुसरीकडे कुठेतरी ठेवा आणि नावात आजची तारीख टाका. त्यात ‘आयट्यून्स लायब्ररी’ नावाची एक फाइल आहे, एक्स्टेंशन आयटीएल. तुमची १२ वर्षं त्या एका फाइलमध्ये आहेत. आकाराने पाहिलं तर काही एमबीची फाइल, म्हणून लोक तिच्याकडे लक्षच देत नाहीत, शेकडो जीबी गाण्यांचा बॅकअप घेतात आणि ही तशीच राहते.

आता नेमकं झालंय काय ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप कळतात. आयट्यून्सच्या पोटात गाणी नसतात. गाणी डिस्कवर असतात, आयट्यून्सकडे असते फक्त नोंदवही, म्हणजे ती आयटीएल फाइल. त्या वहीत प्रत्येक गाण्याची एक ओळ आहे आणि त्या ओळीत गाण्याचा पूर्ण पत्ता लिहिलाय, ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत. तुम्ही गाणी हलवलीत एक्सप्लोररमधून (विंडोजची फोल्डर बघायची खिडकी), वहीला ते कोणी कळवलंच नाही. वही अजून डी ड्राइव्हवरच्या म्युझिक फोल्डरचं दार वाजवतेय आणि तिथे कोणी नाही.

मग काय वहीत असतं आणि काय फाइलमध्ये असतं? गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष, ट्रॅक नंबर हे एमपीथ्री किंवा एमफोरए फाइलच्या आत टॅगमध्ये लिहिलेलं असतं, ते फाइलबरोबर कुठेही जातं. पण आयट्यून्सचं स्टार रेटिंग, प्ले काउंट, शेवटचं कधी ऐकलं, लायब्ररीत कधी घेतलं ती तारीख, आणि सगळ्या प्लेलिस्ट, हे फाइलमध्ये नसतं, फक्त वहीत असतं. म्हणून ‘डिलीट करून परत अ‍ॅड कर’ हा सल्ला दिसायला सोपा आहे पण त्याचा अर्थ होतो वही फाडून कोरी वही घेणे. गाणी सगळी येतील, नावंही येतील, आणि प्रत्येक गाण्यासमोर तारीख आजची आणि प्ले काउंट शून्य.

वॅव फाइल्स (दाबून लहान न केलेला आवाज) असतील तर अजून वाईट. आयट्यून्स वॅवमध्ये टॅग लिहितच नाही, नाव-गायक सगळं वहीतच ठेवतं. मी एका गृहस्थांची लायब्ररी नीट करून दिली होती, त्यांनी स्वतःच्या कॅसेट्स एक एक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या, सहाशेच्या वर वॅव फाइल्स, आणि डिस्कवर प्रत्येक फोल्डरमध्ये फाइलचं नाव काय तर ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’. आयट्यून्समध्ये मात्र प्रत्येकासमोर नाव, साल, साथीला कोण होतं ते कमेंटमध्ये, सगळं व्यवस्थित टाइप केलेलं. दोन हिवाळे बसून केलेलं काम. त्यांनाही कोणीतरी परत अ‍ॅड करायला सांगितलं होतं. केलं असतं तर सहाशे ‘ट्रॅक ०१’ समोर घेऊन बसावं लागलं असतं आणि प्रत्येक ऐकून ओळखावा लागला असता. तुमच्याकडे वॅव असतील तर ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता इथून पुढे काय करायचं ते थोडं तुमच्या परिस्थितीवर आहे. तीन गोष्टी बघायच्या. ‘गाणी’ फोल्डरच्या आतली रचना, म्हणजे सबफोल्डर आणि फाइल्सची नावं, जशीच्या तशी आहे की आतही काही बदललंत? डी ड्राइव्ह अजून लॅपटॉपमध्ये आहे का? आणि आयटीएल फाइल सी वरच आहे ना, तीही कुठे हलवली नाहीत ना? तुम्ही लिहिलंय त्यावरून मी धरून चालतो की आतली रचना तीच आहे, डी आहे (त्यावर तुमची बाकीची कामं आहेत), आणि आयटीएल जागेवर आहे. हे सगळ्यात सोपं प्रकरण झालं.

आधी वहीतला पत्ता वाचायचा, अंदाजाने जायचं नाही. आयट्यून्स उघडा, उद्गारचिन्हवालं एक गाणं निवडा, कंट्रोल आणि आय दाबा. ते विचारेल फाइल शोधायची का, तिथे नाही म्हणा. मग जी माहितीची खिडकी उघडते त्यात ‘फाइल’ नावाचा टॅब आहे, खाली लोकेशन दिसेल. तो कागदावर अक्षर न अक्षर उतरवून घ्या. मग एक्सप्लोररमध्ये तेच गाणं नवीन ड्राइव्हवर शोधा आणि त्याचा आत्ताचा पत्ता त्याच्या खाली लिहा. दोन ओळी एकाखाली एक. तुमच्या बाबतीत सुरुवात वेगळी दिसेल, एकीकडे डी आणि म्युझिक, दुसरीकडे ई किंवा एफ आणि गाणी, आणि त्यानंतरचं सगळं सारखं. तसं असेल तर निम्मं काम झालं. अशी पाच-सहा गाणी वेगवेगळ्या फोल्डरमधली बघा, एकावर जाऊ नका, कारण पुष्कळ लोकांच्या लायब्ररीत काही गाणी डेस्कटॉपवरून, काही डाउनलोड्समधून आलेली असतात आणि त्यांचे पत्ते वेगळेच असतात.

दोन मार्ग आहेत, वही बदलायची किंवा जग वहीसारखं करायचं. मी नेहमी दुसरा घेतो. वहीत १८ हजार ओळी आहेत, त्या बदलताना कुठे काय चुकलं ते कळायला महिने जातात. जग बदलायला एकच जागा आहे, आणि चुकलं तर मागे येता येतं.

जुना डी ड्राइव्ह काढूनच टाकला असता तर नवीन ड्राइव्हला डी हे अक्षर दिलं आणि फोल्डरचं नाव परत म्युझिक केलं की संपलं असतं. तुमचा डी जागेवर आहे आणि वापरात आहे, त्यामुळे त्याचं अक्षर काढून घेऊ नका, त्यावर इन्स्टॉल केलेलं काही असेल तर ते बंद पडेल. तुमच्यासाठी जंक्शन हा उपाय. जंक्शन म्हणजे डी वर ‘म्युझिक’ नावाचं एक दार बनवायचं जे उघडलं की आपण थेट एक्स्टर्नलवरच्या ‘गाणी’मध्ये पोचतो. आयट्यून्सला वाटतं फोल्डर डी वरच आहे.

त्याआधी एक काम करायलाच हवं आणि लोक नेमकं हेच विसरतात. एक्स्टर्नल ड्राइव्हचं अक्षर पक्कं करा. आज तो ई आहे, उद्या आधी पेनड्राइव्ह लावला तर तो एफ होऊ शकतो, आणि जंक्शनमध्ये अक्षरच लिहिलेलं असतं त्यामुळे ते दार भलतीकडेच उघडेल. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, तुमच्या एक्स्टर्नलच्या पार्टिशनवर राइट क्लिक, ड्राइव्ह लेटर बदलायचा पर्याय, आणि तिथे वर्णमालेत जरा लांबचं अक्षर द्या, एम किंवा त्याच्या नंतरचं काहीही. पेनड्राइव्ह आणि कार्डं पुढची मोकळी अक्षरं घेतात, एमपर्यंत सहसा कोणी पोचत नाही. मी माझ्या गाण्यांच्या ड्राइव्हला गेली कित्येक वर्षं एमच ठेवलंय, तीन ड्राइव्ह बदलले तरी वहीला काही कळलं नाही.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडा, म्हणजे विंडोजला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी. कमांडचं नाव एमकेलिंक (मेकचे एम-के आणि पुढे लिंक, सगळं जोडून). मग स्पेस, स्लॅश जे, मग डबल अवतरणात दाराचा पत्ता म्हणजे डी वरचं म्युझिक, मग स्पेस आणि डबल अवतरणात खऱ्या फोल्डरचा पत्ता म्हणजे एम वरचं गाणी. क्रम लक्षात ठेवा, आधी खोटं दार, मग खरं घर. एंटर मारल्यावर जंक्शन तयार झालं असा मेसेज येतो. त्याऐवजी ती फाइल आधीच आहे अशी तक्रार आली तर समजा डी वर म्युझिक नावाचा रिकामा फोल्डर शिल्लक आहे किंवा आयट्यून्सने परत बनवलाय, आत खरंच काही नाही ना हे बघून त्याचं नाव बदला आणि परत कमांड द्या. आता एक्सप्लोररमधून डी उघडा, म्युझिकवर शॉर्टकटसारखा छोटा बाण दिसेल, आत शिरलात की सगळी गाणी दिसली पाहिजेत. हा साधा शॉर्टकट नाही बरं का, शॉर्टकट आयट्यून्सला चालत नाही, म्हणून डेस्कटॉपवर करतो तसा शॉर्टकट करून बघू नका.

मग आयट्यून्स उघडा आणि ज्या गाण्याचा पत्ता कागदावर लिहिला होता ते लावा. वाजलं पाहिजे. उद्गारचिन्हं सगळी एकदम जाणार नाहीत, घाबरू नका, आयट्यून्स ते गाणं लावल्याशिवाय किंवा त्याची माहिती उघडल्याशिवाय परत तपासत नाही. तुम्ही आधी ज्यांना हात लावला होता त्यांच्याच समोर ती चिन्हं आलेली असतात, लावली की जातात.

आता दोनदा दिसणारी गाणी. हे काम जंक्शन झाल्यावर फार जपून करायचं, कारण आता एकाच फाइलकडे जाणारे दोन रस्ते झालेत. एक ओळ म्हणतेय डी, म्युझिक, अमुक. दुसरी म्हणतेय गाणी, अमुक, आणि ड्राइव्हचं अक्षर तिच्यात अ‍ॅड करताना जे होतं ते, ई असेल तर ई. आणि दोन्ही ओळी एकाच फाइलच्या. ‘डुप्लिकेट’ म्हणून दुसरी ओळ डिलीट केलीत आणि आयट्यून्सने विचारलं की फाइल रिसायकल बिनमध्ये टाकू का, आणि तुम्ही हो म्हणालात, तर पहिली ओळही मेली. तिथे ‘फाइल ठेवा’ हाच पर्याय घ्यायचा, प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरी. डुप्लिकेट शोधून डिस्कवरून उडवणारी जी तयार सॉफ्टवेअर असतात ती तर या अवस्थेत अजिबात चालवू नका, त्यांना दोन पत्ते दिसतात, फाइल एकच आहे हे कळेलच याची खात्री नाही.

कुठली ओळ जुनी कुठली नवी हे कसं ओळखायचं तर ‘डेट अ‍ॅडेड’चा कॉलम चालू करा आणि त्यावर सॉर्ट करा. तुम्ही सबफोल्डर अ‍ॅड केलात त्या दिवसाची तारीख असलेल्या सगळ्या ओळी एकत्र येतील, प्ले काउंट रिकामा, रेटिंग रिकामं. तेवढ्याच निवडायच्या आणि लायब्ररीतून काढायच्या, फाइल ठेवून. खरं तर याहून सोपा मार्ग म्हणजे सबफोल्डर अ‍ॅड करायच्या आधीची आयटीएल कुठे मिळते का बघणं. आयट्यून्सच्या फोल्डरमध्ये ‘प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज’ नावाचा फोल्डर असतो, आयट्यून्स अपडेट होतं तेव्हा जुनी वही तारखेसकट तिथे ठेवलेली असते. पण ती मागच्या अपडेटच्या वेळची असणार, मध्ये सहा महिने गेले असतील तर त्या सहा महिन्यांचं ऐकणं जाईल. म्हणून एकच सबफोल्डर अ‍ॅड झालाय तर मी तारखेने सॉर्ट करून हाताने काढेन. १८ हजारच्या १८ हजार परत अ‍ॅड झाल्या असत्या तर जुन्या वहीकडे गेलो असतो.

हे मी एवढं ताणून सांगतोय कारण मी हीच चूक केलीय. बऱ्याच वर्षांपूर्वी ड्राइव्ह भरला, फोल्डर हलवला, परत अ‍ॅड केला, ११ हजार ओळी डबल झाल्या. मग मी बसून डबल ओळी काढल्या आणि काढताना उद्गारचिन्हवाल्या काढल्या, कारण त्या ‘तुटलेल्या’ दिसत होत्या आणि नव्या छान वाजत होत्या. तुटलेल्या ओळींतच सगळं होतं. कुठलं गाणं मी कुठल्या साली पहिल्यांदा ऐकलं ती तारीख मला डायरीपेक्षा जवळची होती, आजारपणात कोणता अल्बम महिनाभर लावत होतो ते त्या आकड्यांवरून कळायचं. ते परत आलं नाही. आत्ता, काहीही बदलायच्या आधी, उद्गारचिन्ह असलेली ओळ हीच तुमची खरी ओळ आहे, तिला जपा.

कोणकोणती गाणी अजूनही सापडत नाहीयेत हे बघायला एक जुनी युक्ती आहे. एक साधी प्लेलिस्ट करा, तिला ‘जिवंत’ नाव द्या, आणि लायब्ररीतली सगळी गाणी सिलेक्ट करून तिच्यात ओढा. ज्यांची फाइल सापडत नाही ती आत जात नाहीत. मग स्मार्ट प्लेलिस्ट (नियमाप्रमाणे आपोआप भरणारी) करा, नियम एकच, प्लेलिस्ट ‘जिवंत’ नाही. उरलेली तेवढीच समोर येतील. ती मूठभर असतील तर एक एक करून शोधून द्या. गाण्यावर डबल क्लिक केलं की आयट्यून्स फाइल शोधायला सांगतं, एक दाखवलीत की विचारतं याच जागेवरून बाकीचीही शोधू का. हो म्हणा, एका अल्बमची दहा गाणी एका झटक्यात जुळतात. याच सोयीवर सगळी १८ हजार जुळवावीत असं पुष्कळ जण सांगतात, माझा अनुभव असा की काही जुळतात काही राहतात, म्हणून मी ती फक्त उरल्यासुरल्यासाठी वापरतो.

इथवर जे झालं ते थोडक्यात: वहीची कॉपी, पत्ता वाचणं, ड्राइव्हचं अक्षर पक्कं, जंक्शन, मग डबल ओळी फाइल ठेवून काढणं, शेवटी उरलेली. हा क्रम उलटा करू नका, विशेषतः डबल ओळींचं काम आधी नाही.

आता समजा आतली रचनाही बदललीय, म्हणजे हलवता हलवता गायकाप्रमाणे फोल्डर लावले वगैरे. मग जंक्शन पुरत नाही. अशा वेळी आयट्यून्स जी एक्सएमएल फाइल बनवू शकतं ती कामाची (प्रेफरन्सेसच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ती शेअर करायचा पर्याय चालू असावा लागतो). ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, प्रत्येक गाण्याचा ‘लोकेशन’ तिथे वाचता येतो, आणि प्लेलिस्टही. फाइंड-रिप्लेस करायचा मोह होतो पण आयट्यून्स रोज वाचतं ती आयटीएल, एक्सएमएल नाही, त्यामुळे नुसतं एक्सएमएल बदलून काही होत नाही. शिवाय त्यातले पत्ते वेब अ‍ॅड्रेससारखे लिहिलेले असतात, स्पेसच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि २०, आणि देवनागरी फाइलनाव असेल तर एका ‘क’ साठी नऊ चिन्हांची रांग, डोळ्यांनी वाचणं अशक्य. मी ती फाइल नकाशा म्हणून वापरतो, कुठलं गाणं आधी कुठे होतं ते बघून फोल्डर परत जुन्या रचनेत नेतो आणि मग वरचाच जंक्शनचा मार्ग. वेळ लागतो, पण वही शाबूत राहते.

जंक्शनवर कायम राहायचं का, हाही प्रश्न पडेल. राहिलात तरी चालतं. पण पुढचा विचार असेल तर वही आणि गाणी एकाच फोल्डरमध्ये आणणं सगळ्यात चांगलं. आयट्यून्सचा अख्खा फोल्डर एक्स्टर्नलवर कॉपी करायचा, शिफ्ट दाबून आयट्यून्स उघडायचं, लायब्ररी निवडायला सांगतं तिथे नवीन जागेवरची आयटीएल द्यायची, मग अ‍ॅडव्हान्स्डमध्ये मीडिया फोल्डर त्याच्याच आत असलेला दाखवायचा आणि ‘कन्सॉलिडेट फाइल्स’ करायचं. मग आयट्यून्स स्वतः प्रत्येक गाण्याची कॉपी आपल्या मीडिया फोल्डरमध्ये आणतं आणि वहीतही नोंद करतं. एकदा वही आणि गाणी अशी एका छपराखाली आली की पुढच्या वेळी अख्खा फोल्डर उचलून कुठेही न्या, आयट्यून्स आपल्या शेजारीच गाणी शोधतं. यात दोन गोष्टी बघा. हे कॉपी करतं, हलवत नाही, म्हणजे जागा दुप्पट लागते. २५६ केबीपीएसचं चार मिनिटांचं गाणं साडेसात एमबीच्या आसपास, १८ हजार म्हणजे साधारण १४० जीबी, तेवढी मोकळी हवी. दुसरं, फोल्डर व्यवस्थित ठेवायचा पर्याय चालू असेल तर ते गायक आणि अल्बम अशी स्वतःची रचना लावतं. तुमचे फोल्डर राग, मैफल, वर्ष असे स्वतःच्या पद्धतीने लावलेले असतील आणि ते तुम्हाला प्रिय असतील तर कन्सॉलिडेटच्या वाटेला जाऊ नका.

आणि एक्स्टर्नल न लावता आयट्यून्स उघडू नका. ड्राइव्ह सापडला नाही की ते मीडिया फोल्डरची जागा गुपचूप परत सी वर नेतं, आणि नंतर घेतलेली गाणी दुसरीकडेच साठत जातात. आधी ड्राइव्ह, मग आयट्यून्स.

तुम्ही शेवटी विचारलंय की दुसरा प्लेअर घेतला तर हे टळेल का. टळत नाही, प्रत्येकाची वही वेगळी एवढंच. फूबार २००० मध्ये प्ले काउंट ठेवणारं जे कंपोनंट आहे ते पत्त्याला धरून नोंद ठेवत नाही, गायक, अल्बम, ट्रॅक नंबर, शीर्षक अशा टॅगला धरून ठेवतं, त्यामुळे फाइल कुठेही न्या, आकडे परत जुळतात, मात्र टॅग बदललात तर तुटतात. मीडियामंकी आणि म्युझिकबीमध्ये हरवलेल्या फाइल शोधायची सोय मेनूतच आहे. प्लेक्सवर (घरच्या घरी गाणी-सिनेमे पुरवणारा मीडिया सर्व्हर) असाल तर नवीन फोल्डर आधी जोडा, स्कॅन होऊ द्या, जुना नंतर काढा, आणि त्या काळात स्कॅननंतर ट्रॅश आपोआप रिकामा करण्याचं सेटिंग बंद ठेवा. डीजे सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो दोन्हीत रीलोकेट, म्हणजे हललेली फाइल परत जोडायची सोय आहे, आणि रेकॉर्डबॉक्समध्ये तर क्यू पॉइंटही (गाण्यात ठरवून ठेवलेल्या सुरुवातीच्या जागा) वहीतच असतात, म्हणून परत अ‍ॅड करणं अजून महाग पडतं.

एमथ्रीयू प्लेलिस्टबद्दल मात्र थोडं जास्त सांगतो, कारण देवनागरीत फाइलनावं ठेवणाऱ्यांना तिचा त्रास होतो. ती साधी टेक्स्ट फाइल असते, एका ओळीत एक पत्ता. पूर्ण पत्ता लिहिलेला असेल तर ड्राइव्ह बदलताच मरते, फोल्डरपुरता सापेक्ष पत्ता असेल तर फोल्डरबरोबर कुठेही जाते. एक्सपोर्ट करताना सापेक्ष मिळत असेल तर तोच घ्या. आणि नुसती एमथ्रीयू न घेता एमथ्रीयू८ घ्या, आठ म्हणजे यूटीएफ-८, कुठलीही लिपी साठवू शकणारी पद्धत, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं जाऊन बसतात आणि मग परत आणता येत नाहीत.

याहून बारीक एक गोष्ट, मला शोधायला अख्खी रात्र गेली होती. मॅकवरून आलेली एक लायब्ररी, सगळं जुळलं, चाळीसेक गाणी काही केल्या जुळेनात. पत्ते एकाखाली एक ठेवले, अक्षर न अक्षर सारखं. शेवटी लक्षात आलं की प्रत्येक नावात ‘ऱ’ होता, वाऱ्यावर, किनाऱ्यावर, ताऱ्यांनो असे शब्द. हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं सुटी करून साठवायची, विंडोज जसं येईल तसं ठेवतं. डोळ्यांना दोन्ही एकच, वहीला दोन वेगळी नावं. तुमचा ड्राइव्ह कधी जुन्या मॅकला लावून त्यावर फाइल्स टाकल्या असतील आणि उरलेल्या गाण्यांच्या नावात ‘ऱ’ दिसत असेल तर ते फाइलचं नाव एक्सप्लोररमध्ये जाऊन परत एकदा स्वतः टाइप करा, तेवढं पुरतं.

एक शेवटचं, गाणी पूर्ण आली का ते. तुम्ही कट-पेस्ट केलंत, त्यामुळे ताडून बघायला जुनी प्रत नाही. पण वहीला एकूण किती गाणी आणि किती जीबी ते माहीत आहे, आयट्यून्सच्या खालच्या स्टेटस बारमध्ये दिसतं (डबल ओळी काढल्यावरचा आकडा घ्या). ‘गाणी’ फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला आकडा त्याच्याशी लावून बघा. कव्हरची चित्रं वगैरे धरून फोल्डरमध्ये थोडं जास्त असणं ठीक, कमी असेल तर काहीतरी मागे राहिलंय, तोवर डी वर नवीन काही लिहू नका, कारण रिकव्हरी करायची वेळ आली तर त्या जागेवर दुसरं काही बसलेलं नसणं महत्त्वाचं. फ्लॅक फाइल असतील तर त्यांच्या आतच मूळ आवाजाचा एमडी५ चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा असतो, त्यामुळे कुठली खराब झालीय ते टेस्ट चालवून नेमकं कळतं. पुढच्या वेळी कट नको, कॉपी करा, लायब्ररी आठवडाभर वापरा आणि मगच जुनी उडवा. आणि हे सगळं निस्तरल्यावर या एक्स्टर्नलची दुसरी प्रत करा, आत्ता तुमची सगळी गाणी एकाच डिस्कवर आहेत, ती पडली तर जंक्शनही काही करू शकत नाही.

कुठे अडलात तर तेच दोन पत्ते लिहून पाठवा, माहितीच्या खिडकीत दिसणारा जुना आणि एक्सप्लोररमधला आत्ताचा, एकाखाली एक, आणि डी वर जंक्शन करताना काय मेसेज आला तो. मी बघतो.